हिंगोलीची छावणी

वाशीम जिल्ह्यांतील केनवड या आमच्या गांवाहून दक्षिणेस निघावें, रिसोड मागें टाकावें, पैनगंगा ओलांडावी आणि सेनगांवावरून पुढें जावें, म्हणजे दोनतीन तासांच्या आंत हिंगोली येतें. वाटेंत जमीन तीच, काळी. पिकें तींच, सोयाबीन, तूर, हळद. आणि बोलीहि जवळ जवळ तीच. नदी ओलांडतांना आपण एका जिल्ह्यांतून दुसऱ्या जिल्ह्यांत आलों, याहून अधिक कांहीं घडलें असें प्रवाशास वाटत नाहीं. परंतु १८५३ पासून १९४८ पर्यंत, म्हणजे पंचाण्णव वर्षें, या दोन्ही मुलुखांचा कारभार वेगळा होता. अलीकडे इंग्रजी अंमलाखालचें वऱ्हाड, पलीकडे निजामाचें राज्य. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली सिक्का. अलीकडे कचेरींत मराठी अर्ज चाले, पलीकडे उर्दूवांचून कागद हालत नसे. लेकी इकडच्या तिकडे दिलेल्या, शेतें दोन्ही बाजूंस, आणि मध्यें ही अदृश्य भिंत.

ही भिंत ज्या कारणानें उभी राहिली, तें कारण हिंगोली गांवींच राहत होतें. तें म्हणजे हिंगोलीची लष्करी छावणी. आजच्या भाषणाचा विषय ती छावणी व तिच्या जागीं आज नांदत असलेलें गांव हा आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. मीं पुष्कळ वर्षें शाळेंत इतिहास शिकविला. मुलांस 'तैनाती फौज' हा शब्द चांगला पाठ असतो, आणि निजामाच्या राज्यांतील प्रत्येक इंग्रजी पलटण तीं त्याच सदराखालीं घालतात. वास्तविक सैन्यें दोन होतीं. तैनाती फौज ही कंपनीची स्वतःची. ती सिकंदराबादेस राही, व तिच्या खर्चासाठीं निजाम अलीखानानें १८०० सालच्या तहानें मुलूख तोडून दिला होता. त्याच तहांत आणखी एक कलम होतें: युद्धाचा प्रसंग आला तर निजामानें सहा हजार पायदळ व नऊ हजार घोडेस्वार मदतीस द्यावे. या कलमांतून दुसरें सैन्य जन्मास आलें. निजामाची फौज कवाईत जाणत नाहीं, वेळेवर येत नाहीं, अशी तक्रार करून इंग्रजांनीं तिला आपले अधिकारी दिले. १८१३ च्या सुमारास हेन्री रसेल या रेसिडेंटानें हैदराबादेस पायदळाच्या पलटणी उभारल्या. त्यांस रसेल ब्रिगेड म्हणत. वऱ्हाडांत एलिचपूरच्या नबाब सलाबतखानाच्या पलटणी होत्याच. या सर्वांचें मिळून पुढें हैदराबाद कंटिंजंट झालें. नांव निजामाचें, पगार निजामाचा, हुकूम मात्र रेसिडेंटाचा. तहांत लिहिलें होतें युद्धकाळापुरतें. तें सैन्य शांततेच्या काळींहि कायम होऊन बसलें. तहाच्या शब्दांना इतकें ताणलेलें मीं इतरत्र फारसें पाहिलेलें नाहीं.

पेशवाईच्या अखेरीनंतर, १८१९ च्या सुमारास, या सैन्याचें एक ठाणें हिंगोलीस कायम झालें. जागा विचार करून निवडलेली होती. उत्तरेस वऱ्हाड, पूर्वेस पैनगंगेचें जंगल, आणि भोंवतालच्या प्रांतांत हटकर नाइकांच्या गढ्या. त्याच सालच्या जानेवारींत नौसाजी नाईक या हटकर सरदाराच्या नोव्हा येथील गढीवर मेजर पिटमन यानें वेढा घातला, व महिना संपतां संपतां ती घेतली. गढींतील माणसें निकरानें लढलीं. इंग्रजांनीं पुढें 'नोव्हा' हें नांव या पलटणींच्या निशाणावर विजयचिन्ह म्हणून घातलें. आपल्याच प्रांतांतील एका नाइकाचा पाडाव आपल्याच प्रांताच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या पलटणीचें भूषण झाला! नौसाजी नाइकाचें नांव मात्र आमच्या पाठ्यपुस्तकांत शोधून सांपडत नाहीं.

आतां छावणी म्हणजे काय तें पाहूं. हिंगोलींत आजहि कोणास वाट विचारली, तर उत्तरांत जीं नांवें येतात त्यांत सारी छावणी उभी आहे: पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा. पलटण हा विलायती शब्दाचा देशी उच्चार. तेथें पायदळ राहत असे. रिसाला म्हणजे घोडदळ. तोफखाना हा शब्द आपणांस मराठेशाहीपासून परिचयाचा आहे. सदर बाजार हा छावणीचा मुख्य बाजार. त्यावर लष्करी अधिकाऱ्याची देखरेख असे, आणि बाहेरच्या व्यापाऱ्यास परवान्यावांचून माल आणतां येत नसे. पेन्शनपुऱ्याची गोष्ट पुढें सांगेन.

कंटिंजंटच्या रिसाल्याची घडण शिलेदारीची होती, आणि ती समजून घेण्यासारखी आहे, कारण ती सर्वस्वी आपल्या इकडील जुन्या वहिवाटीची आहे. सरकार स्वारास घोडा देत नसे. घोडा, खोगीर, कपडे हें सर्व स्वाराचें स्वतःचें. सरकारनें एकंदर रोख पगार द्यावा, आणि त्यांत स्वारानें आपलें व घोड्याचें पोट भरावें. स्वाराच्या या जागेस 'असामी' म्हणत. असामीस किंमत असे. ती विकतां येई, गहाण पडे, बापाकडून मुलाकडे जाई. कोणा एकाच्या मालकीच्या अनेक असाम्या असत, आणि तो दुसऱ्यांस त्यांवर बसवून नोकरी करवी. अशा स्वारास बारगीर म्हणत. शिवकालीन इतिहासांत शिलेदार व बारगीर हे शब्द आपण वाचतों. ते येथें इंग्रज कप्तानाच्या हाताखालीं, निजामाच्या नांवानें, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चालू होते.

माणसें कोठकोठचीं? पायदळांत अयोध्या प्रांताकडील परदेशी पुष्कळ. त्यांत रजपूत, ब्राह्मण व मुसलमानहि. रिसाल्यांत दक्षिणी मुसलमान, पुढें शीख व जाट. यांच्या पाठोपाठ छावणीस लागणारे लोक आले: नालबंद, भिस्ती, साईस, धोबी, शिंपी, हलवाई, गवळी, सराफ. कोणी हैदराबादेकडून, कोणी माळव्याकडून, कोणी भोंवतालच्या खेड्यांतून. हिंगोलीचें मूळ गांव कयाधू नदीच्या काठचें, मराठी व शेतकऱ्यांचें. त्याच्या शेजारीं अवध, पंजाब व तेलंगण यांची ही वस्ती दोन पिढ्यांच्या आंत रुजली. बाजारांत जी बोली तयार झाली, तिला हिंदीभाषी हिंदी म्हणणार नाहीं आणि उर्दूभाषी उर्दू म्हणणार नाहीं. आपल्याला मात्र ती सारी कळते.

या सदर बाजाराची एक भयंकर कथा फिलिप मेडोज टेलर या ग्रंथकारानें लिहून ठेवली आहे. हा गृहस्थ निजामाच्या नोकरींत अधिकारी होता, आणि ठगांवरील त्याची इंग्रजी कादंबरी १८३९ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेंत तो हिंगोलीच्या हरिसिंग नांवाच्या व्यापाऱ्याची हकीकत देतो. हा मनुष्य छावणींत कापडाचा प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरे, साहेबलोकांचा त्याच्याशीं व्यवहार असे. एकदां त्यानें मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मागितला. मुंबईहून दुसऱ्या एका व्यापाऱ्याचा तसलाच माल निघाला आहे, ही बातमी त्याला होती. त्यानें वाटेंत तो व्यापारी व त्याचीं माणसें मारलीं, माल आपल्या परवान्यावर छावणींत आणला, आणि उघड्या बाजारांत विकला. तो ठगांच्या टोळीचा नाईक होता. पुढें पकडला गेल्यावर त्यानें कबुली दिली, तेव्हां मुख्य पहाऱ्याच्या चौकीपासून हांकेच्या अंतरावर लोकांचे गळे आवळले गेले होते, असें उघडकीस आलें. त्या खड्ड्यांपैकीं कांहीं उकरतांना आपण स्वतः हजर होतों, असें टेलर म्हणतो. ठगांविषयीं इंग्रजांनीं जें लिहिलें तें सर्वच जसेंच्या तसें घेऊं नये, असें अलीकडील अभ्यासक म्हणतात, आणि त्यांचें म्हणणें विचारांत घेण्याजोगें आहे. कबुलीजबाब माफीच्या आशेनें दिलेले असत. तरी परवान्याची ती युक्ति मला खरी वाटते. जेथें कागदाला माणसाहून अधिक मान असतो, तेथें असें घडावयाचेंच.

आतां मूळ प्रश्नाकडे वळतों: या सर्वांचा खर्च कोण देत होतें? प्रारंभीं निजाम. वर्षास सुमारें चाळीस लक्ष रुपये. हैदराबादचा खजिना रिकामा, दिवाण चंदुलाल कर्जावर कर्ज काढणारा, आणि कर्ज देणारी विल्यम पामर कंपनी शेंकडा चोवीस, पंचवीस दरानें व्याज लावणारी. कंपनी बुडाली, देणें राहिलें. पगार थकूं लागले, तेव्हां इंग्रज सरकारनें स्वतःच्या तिजोरींतून भरले आणि ते निजामाच्या खात्यावर मांडले. थकबाकी वाढत वाढत पन्नास लक्षांच्या आसपास आली. डलहौसी गव्हर्नर जनरल होता. २१ मे १८५३ रोजीं नासिरुद्दौला निजामानें तहावर सही केली. कंटिंजंटमध्यें पांच हजारांहून कमी नाहीं इतकें पायदळ, दोन हजार घोडेस्वार व चार तोफखाने असावे, आणि त्यांच्या खर्चासाठीं वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रांत इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं द्यावे, असें ठरलें. १८६० मध्यें धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मिळालें नाहीं. कपाशीचें वऱ्हाड कोण परत देतो! सर सालारजंगानें तें मिळविण्यासाठीं आपलें आयुष्य वेंचलें. विलायतेपर्यंत जाऊन आला. यश आलें नाहीं.

श्रोतेहो, तहाचा अर्थ आमच्या गांवच्या भाषेंत सांगावयाचा तर असा. केनवडच्या, रिसोडच्या, वाशीमच्या शेतकऱ्यानें जो सारा भरला, त्यांतून हिंगोलीच्या घोड्यांची चंदी झाली. छावणी पलीकडे, खर्च अलीकडे. चार वर्षांनीं १८५७ उजाडलें. औरंगाबादेस कंटिंजंटच्या रिसाल्यांत बंडाळी झाली व ती तोफा लावून मोडण्यांत आली. उरलेल्या सैन्याच्या तुकड्या सर ह्यू रोज याच्या बरोबर झांशी, काल्पी, ग्वाल्हेर या मोहिमांत गेल्या. झांशीची राणी लक्ष्मीबाई हिच्याविरुद्ध जें सैन्य चाललें, त्यांतल्या या शिपायांचा पगार आमच्या वावरांतून गेला होता. ही गोष्ट मीं वर्गांत सांगितली म्हणजे मुलें क्षणभर गप्प बसत. मग एखादा विचारी, "गुरुजी, पण शेतकऱ्याला काय माहीत?" प्रश्न योग्य होता. त्याला माहीत नव्हतें. त्याला कोणीं विचारलेंहि नव्हतें.

लष्करी तह व मोहिमा यांच्या गडबडींत त्याच छावणींत एक निराळी गोष्ट सुरू झाली, ती अजून चालू आहे. ती म्हणजे हिंगोलीचा दसरा. खाकीबाबा मठाच्या आश्रयानें १८५५ सालीं हा उत्सव सुरू झाला असें परंपरा सांगते. आमच्या इकडे दसरा म्हणजे सीमोल्लंघन, आपट्याचीं पानें, शस्त्रपूजा. हिंगोलीस मात्र दहा दिवस रामलीला होते, आणि विजयादशमीस रामलीला मैदानावर रावणाची भली मोठी प्रतिमा जाळतात. अयोध्येकडचा उत्सव मराठी मुलुखाच्या मध्यभागीं कसा रुजला, हें कोडें वाटतें. छावणी आठविली कीं तें सुटतें. घरदार शेंकडों कोस दूर टाकून आलेल्या परदेशी शिपायाला आपल्या गांवचा रावण येथें जळलेला पाहावयाचा होता. पलटणी गेल्या, उत्सव राहिला. त्यासोबत आतां मोठें प्रदर्शन भरतें, पाळणे येतात, खेड्यापाड्यांतून बैलगाडीनें येणारे लोक पूर्वीं येत तसे आतां जीपगाडीनें व आगगाडीनें येतात.

छावणीचा शेवट कागदावरच झाला. १९०२ च्या नोव्हेंबरांत लॉर्ड कर्झन व मीर महबूब अलीखान यांच्यांत करार झाला: वऱ्हाड इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्यानें राहील व निजामास वर्षास पंचवीस लक्ष रुपये मिळतील. १९०३ मध्यें वऱ्हाड मध्यप्रांतास जोडलें गेलें, कंटिंजंट वेगळें सैन्य म्हणून संपलें, त्याच्या पलटणी हिंदी लष्करांत सामील झाल्या, आणि हिंगोलीची छावणी उठली. त्या पलटणींचा पुढील वंशवृक्ष मोठा आहे. रिसाल्यांपैकीं डेक्कन हॉर्स हें नांव भारतीय सैन्यांत आजहि आहे. घोड्यांच्या जागीं रणगाडे आले एवढेंच. पायदळाच्या पलटणींची १९२२ सालीं एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ सालीं तिलाच कुमाऊं रेजिमेंट हें नांव मिळालें. काश्मीरांत बडगाम येथें ३ नोव्हेंबर १९४७ रोजीं धारातीर्थीं पडलेले मेजर सोमनाथ शर्मा, पहिल्या परमवीर चक्राचे मानकरी, हे त्याच कुमाऊंच्या चौथ्या पलटणींतील. आणि ती पलटण कंटिंजंटच्या जुन्या पायदळाची वंशज. तहाच्या एका ताणलेल्या कलमांतून जन्मलेलें सैन्य अखेर कोठें जाऊन पोहोंचलें पाहा.

सैन्य गेलें, परंतु म्हातारे शिपाई गेले नाहींत. त्यांचीं घरें येथेंच झालीं होतीं, मुलें येथेंच वाढलीं होतीं. अवधांतील भाऊबंदांनीं वांटे केव्हांच करून घेतले होते. निवृत्तिवेतन घेऊन ते जेथें राहिले तो पेन्शनपुरा. इतिहासाच्या पुस्तकांत 'कंटिंजंट बरखास्त झालें' हें एक वाक्य असतें. त्या वाक्यानंतर माणसें काय करतात, तें पाहावयाचें असेल तर या पुऱ्यांत हिंडावें. मीं गेलों तेव्हां दुपारची वेळ होती. एका ओट्यावर माझ्याहून वयानें बरेच वडील असे गृहस्थ बसले होते. मी केनवडहून आलों आहें असें कळतांच ते म्हणाले, "म्हणजे वऱ्हाडी. बसा गुरुजी. आमच्या पणजोबाचा पगार तुमच्याकडूनच येत होता." आणि खळखळून हंसले. त्यांचे पणजोबा रिसाल्यांत नालबंद होते. घरांत बोलणें हिंदी, मुलांच्या शाळा मराठी, सुना तीन जिल्ह्यांतल्या. "तुमचें मूळ गांव कोणतें?" असें मीं विचारलें. त्यांनीं हात करून समोरची गल्ली दाखविली.

हिंगोलीचें आणखी एक स्थान सांगण्यासारखें आहे. अनंत चतुर्दशीस नवसाच्या मोदकासाठीं येथील विघ्नहर्ता चिंतामणी गणपतीपुढें लोटणारी गर्दी आतां दूरवर प्रसिद्ध झाली आहे. तो गणपति ज्या गल्लींत आहे, तिचें नांव गड्डेपीर गल्ली. गणपतीस पिराच्या नांवाचा पत्ता असावा, यांत तेथील कोणास कांहीं विशेष वाटत नाहीं. गांवापासून थोड्या अंतरावर नर्सी हें संत नामदेवांचें जन्मस्थान मानलेलें क्षेत्र आहे; तेथें वारकऱ्यांबरोबर पंजाबांतील शीख यात्रेकरूहि येतात, कारण नामदेवांचीं पदें त्यांच्या ग्रंथसाहिबांत आहेत. शीख स्वार येथें आले ते छावणीच्या हुकमानें, शीख यात्रेकरू येतात ते नामदेवांच्या ओढीनें. गांवाला दोघेहि परके वाटले नाहींत.

आतां एक तुलना करतों. पूर्व समुद्रांत तैवान नांवाचें बेट आहे. १९४९ सालीं चीनमधील यादवी युद्धांत पराभूत झालेलें चँग कै-शेकचें सैन्य बायकामुलांसह तेथें उतरलें. चीनच्या नाना प्रांतांतील शिपायांसाठीं बेटावर आठशेंहून अधिक लष्करी खेडीं वसविण्यांत आलीं. भाषा अनेक, स्वयंपाक अनेक, चाळी एकाला एक लागून. परत जावयाचें आहे, या समजुतीनें घरें कच्चींच बांधलीं होतीं. परत जाणें झालें नाहीं. पुढें तीं खेडीं पाडून इमारती उठूं लागल्या, तेव्हां लोकांस जाग आली, आणि मोजकीं खेडीं राखून त्यांचीं स्मृति-उद्यानें करण्यांत आलीं. ताओयुआन शहराजवळ अशीं ठिकाणें आहेत. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरून आलेल्या युन्नानी शिपायांच्या वस्तींत त्यांच्या पद्धतीच्या तांदळाच्या शेवयांसाठीं आतां दूरदूरचे लोक जातात.

हिंगोलीस असें उद्यान नाहीं. कुंपण नाहीं, तिकीट नाहीं, वाटाड्या नाहीं. एका अर्थीं तें बरेंच आहे. राखलेल्या गांवांत बहुधा माणसें राहत नाहींत. येथें राहतात, भांडतात, लग्नें करतात. परंतु दुसऱ्या बाजूनें पाहिलें तर धोका स्पष्ट आहे. जुन्या इमारती पडतात, नव्या वसाहतींस कोठेंहि शोभतील अशीं नांवें मिळतात, आणि पेन्शनपुरा हें नांव कशावरून पडलें तें तेथील शाळकरी मुलास सांगतां येत नाहीं. मोठा खर्च कोणीं करावा असें मी म्हणत नाहीं. पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार व पेन्शनपुरा या पांच ठिकाणीं एकेक फलक मराठींत व उर्दूंत लावला, आणि त्यावर चार ओळी लिहिल्या, तर पुरे. एक फलक नौसाजी नाइकाचाहि असावा. आणि एका ओळींत वऱ्हाडच्या साऱ्याचा उल्लेख असावा, एवढा हट्ट मी वऱ्हाडकर म्हणून धरीन.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाचें राज्य संपलें. १९५६ व १९६० च्या पुनर्रचनांनंतर दोन्ही मुलूख एका राज्यांत आले. वाशीम १९९८ च्या जुलैमध्यें व हिंगोली १९९९ च्या मे महिन्यांत स्वतंत्र जिल्हा झाला, आणि २००८ पासून अकोला, वाशीम, हिंगोली, पूर्णा असा रुंद रुळांचा मार्ग सुरू आहे. ज्यांस हिंगोली पाहावयाची असेल, त्यांनीं शक्य तों नवरात्रांत जावें. स्टेशनावरून पायींच निघावें, सदर बाजारांतून जावें, वाट विचारीत विचारीत रिसाला गांठावा, आणि दिवेलागणीस रामलीला मैदानावर पुढची जागा धरावी. उशीर केला तर उभेंच राहावें लागतें.